हात कुणाचा उठला

४ फेब्रुवारी

चि. पिपाणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोकला कमी झाल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. फुंकण्यावर जिचं पोट चालतं तिने थंड पाणी पिऊ नये, हे सांगून सांगून माझंच तोंड दुखलं. मी बरी आहे. गुडघे सोडले तर सगळं जागेवर आहे.

आता मुद्द्याचं लिहिते. काल पेपरात तुझ्या मामाचा फोटो आला. हातात काठी, डोळे मिटलेले, केस उडालेले. खाली लिहिलं होतं की महान वाद्यवृंद-संचालक एप्रिलमध्ये निवृत्त होणार, आणि निरोपाच्या मैफलीत तीच सिम्फनी वाजवणार. तीच म्हणजे कुठली, ते तुला सांगायला नको. तुझ्या दादाने बातमी वाचली, पेपर घडी करून खुर्चीवर ठेवला आणि डबा घेऊन गोदामात कामाला निघून गेला. डबा मात्र रिकामाच होता, तो मी अजून भरला नव्हता.

मागच्या वेळी ती वाजली त्या मैफलीनंतर मी नुसती रडत बसले. नेमकं काय झालं ते तुम्ही दोघं सांगत होतात, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच समजलं की सगळे गप्प असताना माझ्या पोराचं वाद्य एकटं वाजलं, भरल्या हॉलमध्ये माझ्या सख्ख्या भावाने त्याच्याकडे काठी रोखली, आणि दुसऱ्या दिवशी कमिटीला सांगितलं की पोरगा पिऊन आला होता. ज्याला खोकल्याचं औषधही कडू लागतं तो पोरगा. त्यानंतर त्याला कुठल्याही वाद्यवृंदाने दारात उभं केलं नाही.

आता मला रडायचं नाही. तू मला ते सगळं पहिल्यापासून समजावून सांग, बाराखडी शिकवल्यासारखं. मामाचं पितळ उघडं पडल्याशिवाय मी काही डोळे मिटायची नाही.

दादाला हे पत्र दाखवलेलं नाही. मायेत खंड नको.

तुझी,
आई

---

१३ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तालमीच्या मधल्या सुट्टीत वाचलं. शेजारचा बासरीवाला विचारत होता की घरी सगळं ठीक ना. माझा चेहरा तसा झाला असावा.

शिकवणी सुरू करते. आमच्यापैकी प्रत्येकाच्या पुढ्यात फक्त आपापला कागद असतो. माझ्या कागदावर माझ्या सनईसारख्या ओबोचे स्वर, दादाच्या कागदावर त्याच्या पितळी हॉर्नचे. सगळ्यांचं मिळून जे मोठं बाड असतं त्याला स्कोअर म्हणतात, आणि तो फक्त संचालकापुढे असतो. कोण कधी शिरणार, किती हळू, किती जोरात, हे सगळं एकट्या त्यालाच एका नजरेत दिसतं. म्हणून त्याच्या हातात काठी. संगीत छोट्या छोट्या कप्प्यांत मोजलेलं असतं, एकेका कप्प्याला बार म्हणतात. (तू आता हसशील. दादावर आळ आला तेव्हा तू मला विचारलं होतंस की तो बार चुकला म्हणजे कुठल्या बारमध्ये गेला होता.) आपलं वाजवणं नसेल तेव्हा आम्ही गप्प बसून बार मोजतो.

त्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात सगळा वाद्यवृंद चढत चढत जातो. त्याला क्रेसेंडो म्हणतात. तंतुवाद्यं, फुंकवाद्यं, नगाऱ्यासारखी ती टिंपनी, सगळं छताला भिडतं आणि एकदम थांबतं. एक अख्खा बार कुणीच काही वाजवत नाही. काठीसुद्धा हलायची नाही. मग त्या शांततेतून एकटा हॉर्न अगदी हळू, श्वास सोडल्यासारखा, पहिल्या भागातली धून परत आणतो. हॉर्नसाठी याहून अवघड जागा नाही. पितळेची ती लांबलचक नळी गुंडाळलेली असते, वरचे स्वर एकमेकांना खेटून असतात, ओठ जरा ढिले पडले तर भलताच स्वर निघतो. लपायला मागे कुणी नसतं.

मामांना स्कोअर समोर ठेवणं कमीपणाचं वाटतं. सगळं तोंडपाठ आहे असं दाखवायचं असतं. त्या दिवशी ते तो रिकामा बार विसरले. त्यांचा डावा हात दादाकडे उठला, म्हणजे शिर. दादा एक बार आधीच शिरला. बाकी सगळे गप्पच होते; चूक कळताच मामांनी काठी दादावर रोखली. मी हॉर्नच्या पुढच्याच रांगेत असते, तो हात मी या डोळ्यांनी पाहिला. कमिटीला सांगितलंही. ते म्हणाले, बहीण असंच सांगणार. बाकी ज्यांनी पाहिलं त्यांनी माना खाली घातल्या. तेव्हा मी राजीनामा लिहिला होता, तो तूच फाडायला लावलास. आपला एक माणूस आत असलेला बरा, असं म्हणाली होतीस.

आता एक गोष्ट तुला सांगते जी आम्ही बाहेर बोलत नाही. मामांचं विसरणं वाढलंय. मध्येच लय सोडतात, भलत्याला खूण करतात. मैफली पार पडतात त्या पहिल्या व्हायोलिनवाल्या काकांमुळे. वाद्यवृंदाचे म्होरके तेच. आम्ही सगळे काठीकडे बघण्याचं नाटक करतो आणि त्यांच्या गजाकडे बघून वाजवतो. टाळ्या मामांना मिळतात.

कधी कधी मला त्यांची दया येते, आई. मला पहिला स्वर त्यांनीच शिकवला.

दादाला सांभाळ, गुडघ्यांना तेल लाव. कृपादृष्टी आहेच, ती तशीच ठेव.

तुझी,
पिपाणी

---

२० फेब्रुवारी

चि. पिपाणीस अनेक आशीर्वाद.

शिकवणी कळली. इतकी छान कळली की रात्रभर डोक्यात बार मोजत होते.

दयेचं तेवढं मला लिहू नकोस. पहिला स्वर त्याने शिकवला, खरं आहे. दादालाही त्यानेच शिकवला, याच घरात, याच खिडकीपाशी, आणि पोरगा मामा मामा करत त्याच्या मागे फिरायचा. म्हणून तर मला जास्त झोंबतं. परक्याने केलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. लहानपणी फरशीवर खडूने घरं आखून आम्ही खेळायचो, तेव्हाही हरायला लागला की हा पायाने रेघा पुसायचा आणि आईला सांगायचा की ताईने पुसल्या. मार मी खायचे. त्याची ती सवय गेली नाही, एवढंच.

आता माझं डोकं कसं चालतं ते बघ. तुम्ही सगळे त्या व्हायोलिनवाल्यांच्या गजाकडे बघता म्हणून याची झाकली मूठ राहते. मग बघू नका. निरोपाच्या दिवशी तो काठीने जे दाखवेल तेच वाजवा, एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. हळू म्हणाला तर हळू, पळ म्हणाला तर पळा. यात कुणाचा काय गुन्हा? संचालकाचं ऐकलं म्हणून कुणाला नोकरीवरून काढतात का?

मामीने मला पुढच्या रांगेचे पास पाठवलेत. सोबत चिठ्ठी आहे की झालं गेलं विसरून जावं. चिठ्ठी मी चुलीत घातली, पास ठेवलेत.

काय ठरतंय ते लवकर कळव. ही म्हातारी वाट बघतेय.

आई

---

२२ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. एकेकाला गाठून बोलावं लागलं.

व्हायोलावाल्या बाई (व्हायोला म्हणजे थोरलं व्हायोलिन) पहिल्या झटक्यात हो म्हणाल्या. मामा त्यांना तालमीत ‘आमचं फर्निचर’ म्हणतात. टिंपनीवाला म्हणाला की त्या दिवशी मी मान खाली घातली ती अजून वर आलेली नाही, मला कुठेही उभा कर. गुडघ्यांत धरून ते मोठं व्हायोलिन वाजवणारे चेलोवाले कुरकुरले आणि मग आले. सगळ्यात अवघड गेलं ते पहिल्या व्हायोलिनच्या काकांकडे. त्यांच्या घरी गेले तेव्हा ते गजाला राळ लावत होते. बराच वेळ नुसती राळच लावत राहिले. शेवटी म्हणाले की मी कुणाला भडकवणार नाही आणि कुणाला वाचवणारही नाही. माझा कागद मी वाजवीन.

एका माणसाची मला काळजी आहे. दादाच्या खुर्चीवर आता एक मुलगी बसते. बाळ अजून रांगतंय तिचं. हातची नोकरी जाईल म्हणून सतत धास्तावलेली असते. तिला मी बजावलंय की तू हाताकडे बघूच नकोस, तो बार स्वतः मोज आणि मगच शिर. ती मान डोलावते, पण तिचे ओठ कोरडे असतात.

तू येणार ना? स्टेजवरून तुला शोधीन.

तुझी,
पिपाणी

---

३० मार्च

चि. पिपाणीस अनेक आशीर्वाद.

मी येत नाही. पास परत पाठवते आहे. मी समोर बसले आणि तो गडबडला, की त्याचा तो चेहरा मला लहानपणचा दिसेल, आणि मी मध्येच उठून काहीतरी करून बसेन. माझा माझ्यावर भरवसा नाही. तू डोळे उघडे ठेव आणि सगळं लिहून कळव. काही गाळू नकोस.

आई

---

१२ एप्रिल

ती. आईस सा. न. वि. वि.

गाळत नाही.

सुरुवात नेहमीसारखी झाली. दिवे मंद झाले, मी ओबोवर तो एक स्वर दिला आणि सगळ्यांनी आपापली वाद्यं त्याला जुळवून घेतली. हे काम ओबोचंच असतं. मामा आले, काळा कोट, टाळ्याच टाळ्या. समोर रिकामा स्टँड.

पहिला भाग बरा गेला, तो त्यांच्या हाडात भिनलाय. दुसरा संथ भाग. तिथे त्यांची काठी मध्येच जलद झाली, नेहमी होते तशी. नेहमी काका गज धरून ठेवतात. या वेळी कुणी धरला नाही. आम्ही सगळे जलद झालो. त्यांनी दचकून हात आवरला, तर आम्ही चिखलात पाय रुतल्यासारखे संथ. त्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी कागदावरची नजर उचलली नाही. आई, तेव्हा त्यांना कळलं. आजवर कोण कुणाला चालवत होतं, ते त्यांना तिथे, हजार लोकांपुढे कळलं. लोक खुर्च्यांत चुळबुळ करायला लागले. मला गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू.

शेवटचा भाग. चढलो, चढलो, थांबलो. शांतता. आणि त्यांचा डावा हात उठला.

ती मुलगी मोजत होती, मला मागून तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. पण हात दिसला आणि ती शिरली. इतक्या वर्षांची सवय, काठी म्हणजे हुकूम. तो एकटा स्वर हॉलभर फिरला. आणि मामा तिच्याकडे वळले, आणि काठी रोखली. अगदी तशीच.

हे आपल्या बेतात नव्हतं. मी मागे वळून बघितलं, मला ती खुर्ची दिसली आणि तिच्यात दादाच दिसला. मी उठले. मैफल चालू असताना वादक उठत नाही, आई, मेला तरी उठत नाही. मी म्हणाले, “मामा, चूक हॉर्नची नाही. हात तुमचा उठला. त्या दिवशीही तुमचाच उठला होता.”

मोठ्याने नव्हते म्हणाले. पण त्या जागी टाचणी पडली तरी ऐकू येते.

मग टिंपनीवाला उभा राहिला. मग व्हायोलावाल्या बाई, मग चेलो. काका सगळ्यात शेवटी उठले. मामांनी काठी स्टँडवर ठेवली, ती घरंगळून खाली पडली, कुणी उचलली नाही. काकांनी बसायची खूण केली, गजाने एक रिकामा बार मोजला, आणि त्या मुलीने धून परत आणली. स्वर स्वच्छ होता. शेवटपर्यंत आम्ही संचालकाशिवाय वाजवलं. मामा हात खाली सोडून मधोमध उभे होते, पाहुण्यासारखे.

कमिटीचे अध्यक्ष आज सकाळी मला म्हणाले की दादाची माफी मागून त्याला पहिल्या हॉर्नची खुर्ची परत देणार. तू जे मागितलं होतंस ते सगळं मिळालं.

तुझी,
पिपाणी

---

९ सप्टेंबर

चि. पिपाणीस अनेक आशीर्वाद.

तू दौऱ्यावर होतीस म्हणून एवढे दिवस लिहिलं नाही, आणि लिहायचं कसं तेही सुचत नव्हतं.

तुझं एप्रिलचं पत्र दादाला दिलं तेव्हा मला वाटलं पोरगा सुटेल, हसेल. तो माझ्यावर संतापला. म्हणाला, त्या मुलीला पुढे करून तुम्ही माझ्या नावाने सूड घेतलात. मी म्हटलं तिला सांगितलं होतं. तो म्हणाला, मलाही सांगितलेलं असतं तरी मी हातच पाळला असता. कमिटीला त्याने काय उत्तर दिलं ते तुला माहीतच आहे: तिची खुर्ची नको, शेवटच्या हॉर्नची रिकामी आहे ती द्या. आता तिच्या रांगेतच, तिच्या हाताखाली बसायला निघालाय, आणि रोज ओठ सुजेपर्यंत रियाज करतोय.

परवा तुझा मामा आला. मामीने गाडीतून आणून सोडला, ती आत आली नाही. कोट तोच, बटणं वरखाली लावलेली. मला बघून ‘ताई’ म्हणाला. मी दार अडवून उभी राहणार होते. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून बाजूला झाले, असं समज.

मनात जे जे साठवलं होतं ते सगळं मी त्याला विचारलं. हात उचललास का, आळ घेतलास का. तो अगदी मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, “ताई, मला खरंच आठवत नाही.” आधी वाटलं, रेघा पुसतोय. पण त्याच्या डोळ्यांत बघितलं, तिथे लबाडी नव्हती. काहीच नव्हतं.

म्हटलं ठीक आहे, तुला आठवत नाही तर मी सांगते. आणि पहिल्यापासून सांगितलं, तू मला समजावलंस तसं. बार, विराम, तो हात, ती काठी, कमिटी, गोदाम. एक शब्द सोडला नाही. दादा कामावरून आला आणि समोरच्या खुर्चीवर बसला, तरी मी थांबले नाही. मामा मान हलवत होता, मध्ये एकदा डोळे पुसले. सगळं संपल्यावर त्याने मला विचारलं, “फार वाईट झालं गं. मग त्या मुलाचं पुढे काय झालं?”

दादा समोरच बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो शांतपणे म्हणाला, “तो वाजवतो अजून.”

मामाला बरं वाटलं. निघताना त्याने दादाचा हात हातात घेऊन, आपण कोण, म्हणून विचारलं.

माझा राग गेलेला नाही, पिपाणी. हे तुला लिहून ठेवते, कारण विसरणं आता आमच्या रक्तात आलंय. पण तो राग ज्याच्या दारी न्यायचा तो माणूसच उरला नाही, म्हणून माझ्यापाशीच आहे. पुढच्या बुधवारी मामी त्याला परत सोडणार आहे. त्याला सगळं नव्याने सांगावं लागेल. सांगू की नको, ते तू कळव.

खोकला सांभाळ, आणि आहे तेवढा लोभ आम्हा दोघांवर राहू दे.

तुझी,
आई