गिअरबॉक्समधला भुसा

दादा,

तू पसंत करून दिलेला जुना छोटा ट्रॅक्टर बंद पडला. मिस्त्रींनी गिअरबॉक्स उघडला, तर तेलात लाकडाचा भुसा. "झिजलेल्या गिअरचा आवाज दाबायला घालतात, ताई," ते म्हणाले.

विकणारा तुझा मित्र. तू जन्मभर यंत्रंच दुरुस्त केलीस, आणि तरी घेताना म्हणालास, "बघ, कसा गप्प चालतो." तुला कळलं नसेल, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

नवे गिअर बसवलेत. आईला बोलले नाही. रविवारी तू आलास की एवढंच सांगेन, "मिस्त्री गिअरबॉक्स उघडायचा म्हणताहेत." "कशाला उघडतेस?" म्हणालास, तर समजेन. "उघड," म्हणालास, तर हे पत्र फाडून तुला पोटभर वाढेन.

अजून तरी तुझीच,
धाकटी