अर्धा टक्का मीठ

यामातो-कोरियामा,
१४ जून

तीर्थस्वरूप सेइकिचीदादांस,
तामेजीचा चटईला कपाळ टेकून नमस्कार.

देवदाराच्या फळ्यांच्या तीन टाक्या, सिमेंटचे पाच उथळ हौद (चौथ्याचा तळ फुटाला बरोबर दीड मिलीमीटर उतरता), कोळशाची नि शिंपल्यांची पाणी गाळायची पेटी, गोल्डफिशच्या रक्तवाहिन्यांचा साडेचार फुटी तक्ता (धमन्या लाल, शिरा निळ्या, आणि केशवाहिन्या एका केसाच्या कुंचल्याने) आणि गमबुटात पाणी शिरू नये म्हणून गुडघ्याखाली आवळायच्या रबरी पट्ट्यांची एक जोडी. माझ्या हातांनी केलेल्या या वस्तू, आणि त्यांच्यासोबत सव्वीस वर्षं जपलेला रांचू जातीच्या गोल्डफिशचा वंश, मी मागच्या पत्रात तुमच्या नावे लिहून दिला होता. ते सगळं मी आज परत घेत आहे. मी मरत नाही. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंय, आणि बऱ्याच वादानंतर मी त्यांच्याशी सहमत झालो आहे.

तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचा गुडघा? पत्राच्या आरंभी ऋतूचं वर्णन हवं, हे तुम्ही शाळामास्तर असल्यामुळे मला चाळीस वर्षं ऐकवत आला आहात. ऋतू ठीक आहे. आता मुद्द्यावर येतो.

मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी गमबूट काढले आणि सहज नडगीवर अंगठा दाबला, तर खड्डा पडला. पडला तो पडला, भरून यायला अडतीस सेकंद लागले (डावा पाय, उजव्याला एक्केचाळीस). दादा, बाबांचे पाय शेवटच्या हिवाळ्यात असेच झाले होते. तुम्ही तेव्हा नोकरीच्या गावी होता, ते पाय रोज पुसायला मी होतो. त्यामुळे तो खड्डा मी लगेच ओळखला, आणि खरं सांगतो, मोजे उलटे चढवले. पण घाबरून बसणाऱ्यांतला मी नाही. हा विषय माझा आहे. रक्तातलं पाणी केशवाहिन्यांच्या भिंतींतून थोडं थोडं बाहेर झिरपतं, पेशींना खाऊपिऊ घालतं, मग त्यातलं बरंचसं पुन्हा आत ओढलं जातं आणि मागे उरलेलं निराळ्या बारीक नळ्या गोळा करून नेतात. ही देवघेव बिघडली की पाणी मांसातच साचतं. माशात ते साचलं की खवले उभे राहतात आणि मासा पाइनच्या फळासारखा दिसू लागतो. (माणसाला खवले नसल्याने निदान उशिरा होतं. ही माणसाच्या बांधणीतली उणीव आहे.) या रोगातून मी चौदापैकी अकरा मासे वाचवलेत. उपाय ठरलेला आहे: पाण्यात अर्धा टक्का मीठ, तापमान अठ्ठावीस अंश, वर झाकण, आणि कडक उपास. आमच्या गल्लीतली मासे पाळणारी लहान पोरंसुद्धा हे सांगतील. तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारायचं कारणच नव्हतं.

आमच्या न्हाणीघरातल्या टबात दोनशेवीस लिटर पाणी मावतं. मी अकराशे ग्रॅम मीठ तोलून घातलं आणि आत बसलो. अठ्ठावीस अंश हे माशाला सुखाचं असतं. माणूस त्यात दात वाजवतो. फुसाए दारात येऊन म्हणाली, “अहो, डॉक्टरकडे चला. तुम्ही मासा नाही आहात!” मी म्हटलं, “केशवाहिनी ही केशवाहिनी. झाकण ठेव.” तिने ठेवलं (गरजेपेक्षा जोरात). असे तीन दिवस, रोज चार तास. उपास चालू होताच, पण क्षार आतूनही मिळावेत म्हणून कोमट पाण्यात खारवलेले आलुबुखार कुस्करून घेत होतो, दिवसाला नऊ. ही भर माझी स्वतःची. माशांच्या कुठल्याही पुस्तकात ती सापडणार नाही.

घरोघरच्या रीतीप्रमाणे फुसाएने टबातलं उरलेलं पाणी बादलीने काढून कपड्यांच्या मशीनला घातलं, आणि मी तिला बादलीभर पाण्यात पाच ग्रॅम प्रतिलिटर मीठ आहे हे सांगायला विसरलो. दुसऱ्या दिवशी ती कपडे घेऊन आली. “तुमचा शर्ट दोरीवरून काढला तर उभाच राहिला,” म्हणाली. “मला वाटलं, आत तुम्हीच आहात. म्हटलं, बरंय, हा नवरा निदान बडबड तरी करत नाही.”

तिसऱ्या संध्याकाळी खड्डा पंचावन्न सेकंद टिकला. तेव्हा मी तुम्हाला ते पत्र लिहिलं. अक्षर वाकडं होतं ते थंडीमुळे नव्हे. पत्र टाकायला फुसाएच गेली, आणि परतली ती टॅक्सी घेऊनच. मी अट घातली की तक्ता बरोबर घेईन. ती म्हणाली, “हौदसुद्धा घ्या, पण चला.”

डॉक्टर आसाहिना बाई पस्तिशीच्या असतील. मी तक्ता त्यांच्या तपासणीच्या पलंगावर पसरला आणि सगळं क्रमाने समजावून दिलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं (ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने नोंदवतो). मग विचारलं, “इनोकुमासान, तुम्ही मीठ माशाच्या पाण्यात घालता की माशाच्या तोंडात?”

“पाण्यात. गोड्या पाण्यापेक्षा माशाचं अंग खारट, म्हणून बाहेरचं पाणी सारखं आत घुसतं. बाहेर थोडं मीठ असलं की ते कमी घुसतं.”

“अगदी बरोबर. आणि तुम्ही कशात राहता?”

मी म्हटलं, “हवेत.”

“मग तोंडावाटे गेलेल्या त्या मिठाने कुणाचं पाणी धरून ठेवलं?”

फुसाए खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे हलत होते. बाईंनी माझ्या पँटचे पाय वर केले आणि गुडघ्याखालच्या रबरी पट्ट्या पाहिल्या. “या कुणी केल्या?” मी म्हटलं, “मी स्वतः. ट्रकच्या ट्यूबमधून. सकाळी सहाला बांधतो ते संध्याकाळी काढतो.” त्यांनी एक बोट आत सरकवायचा प्रयत्न केला. सरकलं नाही. “काम उत्तम आहे,” म्हणाल्या. “पाण्याचा थेंब खाली जात नाही आणि रक्ताचा वर येत नाही.”

दादा, शिरेवर दाब आला की केशवाहिन्यांत रक्त तुंबतं आणि पाणी परत आत ओढलं जात नाही, हे माझ्याच तक्त्यावर खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं आहे. बाईंनी ते वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं.

तरी रक्त, लघवी, छातीचा आलेख, सगळं झालं. चार दिवस निकालाची वाट पाहिली. त्या चार दिवसांत मी काही मोजलं नाही. दहा तारखेला बाई म्हणाल्या, “मूत्रपिंडं छान, हृदय छान, रक्तातली प्रथिनं छान. पट्ट्या फेकून द्या, मीठ कमी करा, पाय उशीवर ठेवून पडा आणि चाला. पोटरी हलली की रक्त वर ढकललं जातं.” मी त्यांना बाबांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “ते पाय वेगळे होते. हे तुमचे आहेत.” बाहेर आल्यावर फुसाए माझी बाही धरून चालू लागली. टॅक्सी न करता आम्ही घरापर्यंत चालत आलो. आज खड्डा नऊ सेकंद.

वहिनींना नमस्कार. प्रकृतीला जपा.

तुमचा धाकटा,
इनोकुमा तामेजी

ता. क. बिनमिठाचं मिसोचं सूप म्हणजे हौदाचं पाणी. तरी पितो.

पुन्हा ता. क. तक्त्याची नक्कल दवाखान्यात लावायला मिळेल का, असं बाईंनी विचारलंय. मी हो म्हटलं. तो उजवा कोपरा आता मोठ्या अक्षरांत काढतो आहे.

शेवटचं ता. क. (हे पत्र खरं तर यासाठीच.) माझं ते पत्र वाचून तुम्ही काळजीपोटी ओसाकाचे व्यापारी होन्जो यांना इकडे पाठवलंत, त्याबद्दल आभार. ते काल आले. सगळे रांचू, पिल्लांसकट, एकरकमी मागत होते. माशांकडे कमी आणि माझ्या पायांकडे जास्त बघत होते. पंधरा लाखांपासून सुरुवात केली. मी हौदाच्या कडेने तरातरा दोन फेऱ्या मारल्या, तसे ते आकडा चढवत गेले. फुसाए तेव्हा बाजारात होती. तिला मी बारा लाख सांगितलंय, आणि बारा लाखांत कोण देतो, असं तीच म्हणाली. तिने फोन करून विचारलं तर कृपा करून बाराच सांगा. होन्जोंनी देऊ केले होते अठरा लाख येन. मी नाही म्हटलं.