अजून रंधा यायचाय

बाबा,

तुम्ही फिरायला गेलात तेव्हा तुमचा कॉम्प्युटर दुरुस्तीवालीला दाखवून आणला. काल मी त्याला भंगार म्हणाले आणि तुम्ही ताटावरून उठलात. चुकलंच माझं.

ती म्हणाली, "याची डिस्क कधीही दगा देईल. यावर आता नवं काम नको." पण तुमचा सुतारकामाचा शब्दकोश 'ध'पर्यंत जसाच्या तसा निघालाय. पेनड्राइव्ह चष्म्याच्या डबीत आहे.

जुना कॉम्प्युटर टाकायचा की ठेवायचा, हे तुम्हीच ठरवा. मी काही बोलणार नाही. माझा लॅपटॉप टेबलावर ठेवलाय. अक्षरं बारीक दिसली तर डोळे ताणू नका. संध्याकाळी तुम्ही शब्द सांगा, मी टाइप करते.

कोश अर्धाच झालाय, बाबा. अजून रंधा यायचाय.

तुमची ताई