ऐंशी हंडे चिंचेचं पाणी

केडगाव,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप मुक्ताआत्यास पंकजाचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा, तुझी काळी शेळी आणि भंडारदऱ्याचं धुकं, तिन्ही कशी आहेत ते याच क्रमाने कळव. (ज्ञानेश्वरी बाळा, हे पत्र तुझ्या आजीला सावकाश वाचून दाखव. कंसातलंही वाच.) आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे माझं पत्रात काही चुकलं तर दाखवणारं कुणी नाही, ही धाकधूक रोजचीच. पण घडलं ते सगळं लिहिते.

तुला ठाऊकच आहे, काकासाहेब पुण्याला लेकीकडे असतात आणि त्यांचा बंगला मी सांभाळते. मागच्या अंगणात पोहायचा निळा हौद आहे, त्याला लागून गरम पाण्याचं गोल टाकं. बटण दाबलं की त्यात चहूबाजूंनी बुडबुडे उसळतात. दुपारी तिथे बसलं की वाटतं, कुणीतरी आभाळाचा एक तुकडा धुवायला भिजत घातलाय. दिवाळीनंतर मला पाण्याच्या कडेला एक पांढरी रेघ दिसली. रांगोळीचं बोट ओढावं तशी. ती मला इतकी आवडली की महिनाभर मी नुसती बघत राहिले. मग तिचा जाड पापुद्रा झाला. आपल्या बोअरचं पाणी जड. खडकाखडकातून फिरताना ते दगड विरघळवून आणतं, आणि तापवलं की दगड इथे ठेवून स्वतः वाफ होऊन निघून जातं. म्हणजे काकासाहेबांच्या टाक्यात हळूहळू एक डोंगर उगवत होता आणि त्याची राखणदार मी! मी नखाने जरा खरवडून पाहिलं (आणि मालकाच्या वस्तूला ओरखडा काढला म्हणून बंगल्याच्या वहीत तशी नोंदही केली).

गेल्या सोमवारी काकासाहेबांचा फोन आला. गुडघे धरलेत, रविवारी येतो, टाकं तापवून ठेव. टाकं तापेना. हीटरच्या कॉइलवर क्षाराचं बोटभर कवच. न तापल्यास सगळा बंगला पुण्याच्या कंपनीला सांभाळायला देतो, असं ते म्हणाले, तेही रागावून नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. मी माहितीपुस्तक शब्दकोश घेऊन चार वेळा वाचलं. सौम्य आम्लाने क्षार काढा, टाकं रिकामं करा, मऊ पाणी भरा. पण टाक्यात ऐंशी हंडे पाणी! गावाकडे टँकर यायचा तेव्हा एवढ्यात आपल्या गल्लीचे दोन दिवस निघायचे. पाणी सोडायच्या तोटीवर हात ठेवून मी तीन दिवस उभी राहिले. डोळा लागला की स्वप्नात बायका रिकामे हंडे घेऊन टाक्याभोवती बसलेल्या दिसायच्या. काही बोलायच्या नाहीत.

शुक्रवारी आई आली. (ती कधी कळवून येत नाही.) तिने पापुद्र्यावरून अंगठा फिरवला. "ह्याला काय पुस्तक लागतंय व्हय गं? हंड्यावर बी हेच बसतंय की." मी हातमोजे शोधायला आत गेले, तेवढ्यात तिने मी काढून ठेवलेली कॉइल घमेल्यात, घरून आणलेल्या चिंचेच्या कोळात बुडवली, उरलेली पाच किलो चिंच फडक्यात बांधून टाक्यात सोडली आणि नेमकं ते बुडबुड्यांचं बटण दाबलं. फडकं सुटलं. तपकिरी फेसावर ऊन पडलेलं, चिंचोके गिरक्या घेतायत, सगळ्या गल्लीत आंबट वास. मी रडत होते आणि ते फार सुंदरही दिसत होतं.

शनिवारी सकाळी चोथ्याने घासलं तर पापुद्रा सुटू लागला. मग मी म्हणाले, आता सांडते. "सांडतीस? येवडं पानी?" म्हणत आई बाहेर गेली आणि गल्लीतल्या बायका तांब्यापितळेची काळवंडलेली भांडी घेऊन त्या पाण्याने घासायला ओळीने आल्या. अगदी स्वप्नातल्यासारख्या, फक्त या बोलत होत्या, आणि फार बोलत होत्या.

आणि काकासाहेब एक दिवस आधीच आले! फाटकात उभे राहून त्यांनी चकाकणारे हंडे पाहिले, वास घेतला. "पंकजा, फोडणी राहिली काय गं?" एवढं विचारून आत गेले. मला वाटलं, पुण्याला फोन लावायला. बाहेर आले ते वारलेल्या काकूंचं तांब्याचं घंगाळ घेऊन. पायरीवर बसून स्वतःच घासत राहिले.

रविवारी गच्चीवरच्या टाकीतलं पावसाचं मऊ पाणी भरलं. टाकं तापलं. बुडबुड्यांत डोळे मिटून ते म्हणाले, "शिकलेल्या पोरीचं डोकं! बंगला तुझ्याकडंच राहील." आई शेजारीच उभी होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

धुक्यात पदर डोक्यावरून घेत जा. तुझी भाची,
पंकजा

ता. क. काल वहीत आईचं नाव घालून खरं ते लिहिलं: चिंच, मालनबाई. पाणी न सांडणं, मालनबाई. गप्प बसून शाबासकी घेणं, पंकजा. काकासाहेब वही एक तारखेला वाचतात.

आणखी ता. क. आत्ता आईला ते वाचून दाखवलं. म्हणाली, "गप बसनं बी माझंच लिही. मीच खुनावलं हुतं तुला." आणि आत्या, खरंच तिने खुणावलं होतं. आता माझ्या नावापुढे काहीच उरलं नाही. क्षार पुन्हा येणारच आणि चिंच तर संपली. तुझ्या झाडाची पाच किलो पाठव. निदान "चिंच मागवली, पंकजा" एवढं तरी मला लिहिता येईल.