भवरकडी बदलली त्याबाबत

मी, इंद्रभान रामराव बोचरे, वय चौऱ्याहत्तर, धंदा लेथकाम, राहणार नांदुरा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. डॉक्टरांच्या दाखल्यात रक्तदाब जास्त लिहिला आहे, त्याचं कारण कलम तीनमध्ये सापडेल. यापूर्वीच्या मृत्युपत्रात सगळं मुलगा कुलदीप याला दिलं होतं. ते रद्द केलं आहे आणि फाडूनही टाकलं आहे.

कलम १. राहतं घर व बँकेतली ठेव पत्नी गीताबाई हिची. तिच्यामागे घर सून डिंपल हिच्या नावे व्हावं. कुलदीपनं त्यात खुशाल राहावं, तिचा नवरा म्हणून.

कलम २. वर्कशॉप, लेथ, ड्रिल आणि सगळी हत्यारं कुलदीपची मुलगी अर्पिता हिला. बावन्न वर्षं मी भवरकड्या केल्या. बैल खुंट्याभोवती फिरला तरी साखळीला पीळ पडू नये म्हणून मध्ये जी फिरती कडी असते, ती. अर्पिता इंजिनिअरिंगला गेली. तिथल्या पोरांनी माणसापेक्षा उंच, सात किलोचं रॉकेट बनवलं. वर जाऊन पॅराशूट उघडायचं आणि सावकाश उतरायचं. पण उतरताना रॉकेट गरगरतं, दोऱ्यांना पीळ पडतो आणि पॅराशूट मिटतं. ती माझ्याकडे आली. "आबा, भवरकडीच पायजे. पण हलकी." घरातल्या कोणाला माझ्या कामाची गरज पहिल्यांदाच पडली होती. मला फार बरं वाटलं.

तीन केल्या. दोन आम्ही दोघांनी मिळून नापास केल्या. एक ताणाखाली फिरेना, दुसरीची मान बारीक. तिसरी स्टेनलेसची, आत सहज फिरायला पोलादी छर्रे. लिंबाच्या झाडाला टांगून झटके देऊन पाहिली. कडी निवडताना टांगलेलं वजन पाहायचं नसतं, झटका पाहायचा असतो. उभा बैल लहान लेकरूही धरतं, बिचकलेला धरून दाखवा.

कलम ३. दोन वर्षांपूर्वी जळगाव जामोद रस्त्यावरच्या रानात, रीतसर परवानगी काढून, उड्डाण झालं. मोठे पाहुणे आले होते. रॉकेट झकास वर गेलं, पॅराशूट उघडलं, आणि तुटून वाऱ्यावर निघून गेलं. रॉकेट हरभऱ्यात घुसलं, तण निंदणाऱ्या बायांपासून वीस पावलांवर. सगळ्यात आधी कुलदीप धावला. मला वाटलं, काळजीनं धावला. कडी काही सापडली नाही. जोडणी अर्पिताची होती म्हणून ठपका तिच्यावर आला आणि तिला संघातून काढलं. मी, तिचा आजा, सगळ्यांसमोर बोललो, "पोरीच्या हाती देलं तं असंच होते." दोन दिवाळ्या झाल्या, ती घरी आलेली नाही.

मागच्या महिन्यात कुलदीपच्या स्कूटरच्या डिक्कीत पाना शोधत होतो. तिथं माझी तिसरी कडी मिळाली, धडधाकट. त्याला विचारलं तर म्हणे, "बाबा, येवढे मोठे पाहुणे. रॉकेटले बैलाची कडी लावली म्हणून हसले असते लोकं." उड्डाणाच्या सकाळी पोरीची नजर चुकवून त्यानं मासे धरायच्या गळाची चकचकीत कडी लावली होती. पाकिटावर पस्तीस किलो लिहिलं होतं. "सात किलोले पस्तीस, पाचपट झालं ना!" आणि तुटलेला तुकडा धावत जाऊन त्यानंच उचलला होता.

"मंग पोरीचं नाव पुढं आलं तवा काऊन चूप राह्यला बे?"

ज्या कडीवर हा लहानाचा मोठा झाला तिची त्याला लाज वाटली. पोटच्या पोरीचं नाव बुडालं त्याची वाटली नाही.

कलम ४. तिसरी कडी अर्पिताला. गळाची तुटकी कडी कुठं फेकली ते कुलदीपलाच ठाऊक. ती त्याला.

कलम ५. माझ्या तेरवीला पहिलं पान वाढण्याआधी कुलदीपनं उभं राहून कलम तीन मोठ्यानं वाचावं. वाचलं नाही तर लोकांनी उपाशी उठावं. यात सूट नाही.

कलम ६. कुलदीपची चूक एका बैठकीत लिहिली. माझी लिहिताना दोन कागद फाडले. अर्पिता, कडी त्यानं बदलली, पण "पोरीच्या हाती" हे मी बोललो. ते मला कोणी बोलायला लावलं नव्हतं. तुझी जोडणी बरोबर होती. मी चुकलो. हे तुला माझ्यामागे कळावं असा आधी विचार होता. पण तो भेकडपणा झाला, आणि एका घरात एक भेकड पुष्कळ झाला.

स्थळ: नांदुरा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४
सही: इंद्रभान रामराव बोचरे

साक्षीदार १: हिंमतराव ढगे, निवृत्त तलाठी, नांदुरा. (सही)

साक्षीदार २: अन्नपूर्णाबाई इंगळे, शेजारी. सही करण्याआधी लिहिते, की इंद्रभानभाऊंनी आमच्यासमोर अर्पिताला फोन लावून कलम सहा वाचून दाखवलं. कुलदीप दारात उभा होता. पोरगी म्हणाली, "आबा, अजून एकदा वाचा." भाऊंना वाचवेना. कुलदीप आत आला, त्यानं त्यांच्या हातातला कागद घेतला आणि कलम तीनपासून वाचायला लागला. (सही)