अंगावर घेतल्याशिवाय कागदावर नाही

मी, हे मृत्युपत्र लिहून ठेवणारा, वय पन्नाशीला टेकलेले, व्यवसाय पटकथालेखन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय पुढील व्यवस्था करीत आहे. ‘धाकाशिवाय’ या शब्दाला वकिलांची हरकत आहे, कारण एक धिप्पाड माणूस या क्षणी दाराबाहेर उभा राहून कागद फाडण्याची धमकी देतो आहे. पण त्याचा धाक मी लिहू नये यासाठी आहे. लिहिण्यासाठी कोणी धाक घातलेला नाही, म्हणून शब्द तसाच ठेवला आहे.

येत्या आठवड्यात माझे हृदय उघडणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. देवाच्या मनात असेल तसे होईल. पण माझा भाऊ शेजारच्या भिंतीपलीकडे राहतो आणि माझा मित्र एका पायाने लंगडा आहे, तेव्हा व्यवस्था केलेली बरी.

कलम पहिले. बँकेत जे काही असेल ते माझ्या ताईला मिळावे. लहानपणी थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, मला पट्ट्याने झोडपत तेव्हा ताई मध्ये पडत असे. तिचा पुढचा दात त्यात गेला. तो तिने आता तरी बसवून घ्यावा. शिल्लक राहील त्यातून तीर्थाला जावे आणि माझ्यासाठी काही मागू नये. मला पुष्कळ मिळाले आहे.

कलम दुसरे, आणि या कागदाचे खरे कारण. वाटणीत माझ्याकडे आलेली रस्त्याकडची खोली मी माझा लेखनातला भागीदार, ज्याला सगळे ‘दणका’ म्हणतात, त्याला कायमची देत आहे. दादांना तिथे दुकान काढायचे आहे. त्यांनी ताईला सांगून ठेवले आहे की मी गेलो की त्याच दिवशी लंगड्याला रस्त्यावर काढणार. दणक्याला दुसरे घर नाही. म्हणून खोली त्याचीच का, हे सविस्तर लिहितो.

दणका वीस वर्षे सिनेमात दुसऱ्यांच्या वतीने मार खात आला. मी गावच्या शाळेत शिकलेला, मुलांसाठी बोधकथा लिहिणारा. एका दिग्दर्शिका बाईंना पदरमोड करून विनोदी चित्रपट काढायचा होता. एकाच भिंतीवरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांची गोष्ट. त्यांनी आम्हा दोघांना या खोलीत बसवले. म्हणाल्या, एकाला वाक्य येते, एकाला पडता येते, बघा जमते का.

पहिल्याच दिवशी मी लिहिले: ‘तो थोबाडीत मारतो, दुसरा मागे पडतो.’ दणका उठला आणि त्याने माझ्या थोबाडीत मारली. मी मागे नाही, आडवा पडलो. कानात शिटी वाजत होती. मी हाताला लागलेले लोखंडी वजन त्याला फेकून मारले. त्याची भुवई फुटली, पानावर रक्त सांडले. त्याने आरशात पाहिले आणि तो हसला.

“आता लिही, गुरुजी. आता तुला ठाऊक आहे.”

तोच आमचा नियम झाला: अंगावर घेतल्याशिवाय कागदावर नाही. चित्रपटातला प्रत्येक गुद्दा, जिन्यावरून प्रत्येक गडगडणे या खोलीत आधी झाले आहे. माझी एक बरगडी आणि त्याची दोन बोटे त्यात मोडली. मी सकाळी माळ ओढायला बसलो की तो म्हणे, तुझ्या देवाला सांग, एकदा तालमीला ये म्हणावं. मी त्याला रानटी म्हणे, तो मला पोथी. संध्याकाळी एकमेकांना मलम चोळत असू. ज्याच्या पाठीवर आपलेच वळ आहेत त्याच्याशी फार वेळ अबोला धरता येत नाही.

मग बाईंनी निरोप पाठवला की गुंडांच्या प्रसंगासाठी दोन नवे नट दुपारी तालमीला येतील. दुपारी दोघे आले. एकाच्या हातात लोखंडी सळई. म्हणाला, “खोली खाली कर, नाहीतर हाडं पोत्यात भरून देईन.” माझ्या वाक्यापेक्षा हे बरे होते. मी मान खाली घालून लिहून घेऊ लागलो.

दणक्याने त्याला थांबवले. “अरे, टोकाला नाही धरायची. मनगट जाईल तुझं. जरा अलीकडे धर आणि कमरेतून फिरव.”

त्याने ऐकले. सळई दणक्याच्या गुडघ्यावर बसली. दणका सुरेख पडला आणि पडल्या पडल्या “झकास” म्हणाला. दुसरा घाव त्याच जागी बसला तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज आला तो मी तालमीत कधी ऐकला नव्हता. मी मान वर केली. सळईवाल्याच्या मागे, दारात, दादा उभे होते.

मी खुर्ची उचलली आणि कमरेतून फिरवली, कारण सूचना नुकतीच ऐकली होती. दादांचा जबडा निखळला. खुर्चीचा पाय मोडला. दादांना पडलेले पाहून त्यांनी आणलेले ते दोघे पळाले. पुढे पोलीस झाले, दवाखाना झाला, मग दोन्हीकडच्या तक्रारी ताईच्या रडण्यामुळे मागे घेतल्या गेल्या. दणक्याचा गुडघा मात्र परत वळला नाही. शस्त्रक्रियेला नेताना तो मला म्हणाला, “तुझी ती माळ घे. दोन मणी माझ्या नावाने ओढ. फुकट जातील, पण ओढ.”

तो प्रसंग जसा घडला तसाच चित्रपटात आहे. छोट्या थिएटरात लोक सर्वांत जास्त तिथेच हसले. मी मान खाली घालून बसलो होतो. दणक्याने ताठ पाय वाटेत पसरला होता. त्याने माझे मनगट आवळले. “हस की, गुरुजी. माझा गुडघा वाजतोय तिथे.”

तो गुडघा माझ्या वाटणीचा होता. खोली त्याची आहे.

कलम तिसरे. ती मोडकी खुर्ची मी जपून ठेवली आहे. ती दादांना द्यावी. पाय दुरुस्त करून दिला तर बसतील, न दिला तर आठवतील. सुताराला सांगून पाय बसवून द्यावा. हे वाक्य तीनदा खोडून मी पुन्हा लिहिले आहे.

कलम चौथे. तालमीची गादी, लोखंडी वजन आणि माळ दणक्याला. तो माळेला हसेल. हसू द्यावे.

कलम पाचवे. दणका काल माझ्या अंगावर धावून आला. म्हणाला, “मेलेल्याचं मी काही घेत नाही. आणि तू मेलास तर थोबाड फोडीन तुझं.” तो खोली घेणार नाही आणि दादांचे फावेल, ही भीती मला ऑपरेशनपेक्षा मोठी आहे. म्हणून खोली दान नाही, कामाच्या बदल्यात आहे, असे समजावे. काम असे: आमच्या दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी म्हातारा शेजारी मरतो. ते पान मी लिहायला घेतले की दणका हिसकावून घेतो. म्हणतो, दोघांपैकी कोणी अंगावर घेतलंय का? नियम म्हणजे नियम. ते पान कोरे आहे.

आता पाळी माझी आहे. परत आलो तर मीच लिहीन, पण तेव्हाही अर्धेच ठाऊक असेल. न आलो तर, दणक्या, तू शेवटपर्यंत माझ्याजवळ थांब. मागे पडतो की आडवा, ते नीट बघ. मग या खोलीत बसून लिही. दुसऱ्या कोणत्याही खोलीत लिहिलेले पान मी मानणार नाही. आणि लोक हसले पाहिजेत.

वरील मजकूर वाचून, समजून, देवाला स्मरून सही केली आहे. ज्याला खोली मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वकील सांगतात. त्यामुळे दणक्याला बाहेर ठेवले आहे आणि तो दारावर लाथा मारतो आहे. लंगड्या पायाने. आवाजावरून कळते.

लिहून ठेवणारा: सही
साक्षीदार पहिली: चित्रपटाच्या दिग्दर्शिका बाई, सही
साक्षीदार दुसरा: समोरचा सुतार, सही. (खुर्ची पाहिली. पाय बसेल.)
स्थळ: रस्त्याकडची खोली
दिनांक: दवाखान्यात दाखल होण्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, माळ झाल्यावर