कोलशेतच्या गाळातले डावे चाक

ठाणे, आश्विन वद्य पंचमी, शके १८११

राजमान्य राजेश्री त्र्यंबकराव यांचे सेवेशी ठाण्याहून हरिहराचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा गुडघा आपल्या त्या जुन्या बंद घोडागाडीच्या, शिग्रामाच्या, पायरीवर आपटल्यापासून वाकत नाही. तेव्हा हा नमस्कार तूर्त सात अंगांचाच समजावा. आठवे बरे झाले की मागाहून पाठवीन.) येथे आम्ही सर्व सुखरूप आहोत. आपली प्रकृती, वहिनींचा दमा, परसातले नारळ आणि आपली नवी बग्गी ही सगळी कल्याणास धडधाकट असतील अशी आशा आहे. बग्गीची खुशाली मुद्दाम विचारतो. ती जुनी झाली की आपण ती कोणाला देणार, याची आमच्या घरी आतापासूनच धास्ती आहे.

आज सकाळी आपल्या भगिनीने मला पाटावर बसवून पुढ्यात दौत-टाक ठेवला आणि बजावले की दादाला एवढी एकच ओळ लिहा, यंदा भाऊबीजेला येणार की नाही. गेल्या वर्षी आपण आला नाहीत. कचेरीत कामे फार, असा निरोप आला. मामलेदार कचेरीत कामे असतात हे मला मान्य आहे, परंतु मी ज्या ज्या पत्रात शिग्रामाबद्दल चार शब्द लिहिले, त्या त्या पत्रानंतर आपली कामे वाढत गेली, हेही आमच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. सगुणा तर मला तोंडावरच म्हणाली की तुमच्या त्या तक्रारींच्या भीतीनेच दादा या घरी पाय ठेवत नाही. असो. माझा जन्म जिल्हा कोर्टात कागद लिहिण्यात गेला. एका ओळीत काही लिहिणे माझ्या हाताला ठाऊकच नाही. ती ओळ मी शेवटी घालतो. आधी शिग्रामाचा निकाल लावू.

आपणच आठवून पाहा. आपण बग्गी घेतलीत आणि जुना शिग्राम परक्याच्या दारी जाऊ नये म्हणून तो मोठ्या मायेने माझ्या गळ्यात घातलात. गाडी जुनी आहे पण मुरलेली आहे, असे त्या वेळी आपण म्हणालात. मुरलेले लोणचे मी खाल्ले होते, मुरलेली गाडी मला नवी होती. आपण ती रेल्वेच्या एका साहेबाकडून घेतलीत, त्या साहेबाने दुसऱ्या साहेबाकडून, आणि तो दुसरा साहेब विलायतेला का पळाला याचा उलगडा मला आता होत चालला आहे. पहिल्याच आठवड्यात असे दिसून आले की शिग्रामाचे दार बाहेरून उघडते, आतून उघडत नाही. हे सांगायचे आपण विसरलात. (आपण नेहमी घोडा धरायला मोतद्दार बरोबर ठेवीत होता, माझा मोतद्दार, लगाम धरणारा आणि दार उघडणारा हे सगळे एकच, म्हणजे विठ्ठल, आणि तो घोडा धरून उभा राहिला की दार कोणी उघडायचे हा प्रश्न शिल्लक राहतो.) त्यामुळे कोर्टासमोर गाडी थांबली की मी झिलमिलीच्या पट्ट्यांतून बोटे बाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विनवीत असे. पक्षकार, भिकारी, कैद्याला घेऊन चाललेला शिपाई, सर्वांनी मला वेळोवेळी मोकळे केले आहे. एकदा खुद्द जज्जसाहेबांनी केले. साहेबांनी दार उघडले, माझ्याकडे पाहिले, आणि आत कोंडलेल्या इसमावर आरोप काय आहे असे विचारले. मी उतरून लवून सलाम केला आणि शिग्राम मेहुण्याने दिला आहे असे सांगितले. साहेबांनाही मेहुणे असावेत, कारण पुढे काही न विचारता ते निघून गेले.

दार नीट करायला गुणाजी लोहाराला बोलावले, आणि दार सोडून बाकी सगळे त्याने नीट केले. गुणाजी हा आता जवळजवळ आमच्या घरचाच झाला आहे. त्याच्या मुलीच्या बारशाला मी गेलो होतो आणि ते बारसे माझ्याच गाडीच्या कमानींच्या पैशांवर पार पडले असा माझा कयास आहे. त्याने आधी कमानी बदलल्या, मग आस बदलला, मग चाकांच्या लोखंडी धावा उतरवून नव्या चढवल्या, मग आरे बदलले, मग म्हणाला की आता दांड्या तेवढ्या जुन्या राहिल्या, त्या एकट्या बऱ्या दिसत नाहीत. त्याही बदलल्या. आज त्या शिग्रामात आपला म्हणून फारसा भाग उरलेला नाही, फक्त कुरकुर आपली आहे. ती कोणत्या भागात राहते हे गुणाजीला सापडले नाही. (पुढच्या फळीवर कुंकवाचा एक टिळा आहे, तोही जुनाच, दसऱ्याला लावलेला असावा. रंग देताना गुणाजी तो पुसणार होता, तर आपली भगिनी स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन धावत आली आणि टिळ्याला हात लावशील तर बघ म्हणाली. रंग टिळ्याभोवतीने दिला आहे. बायकांची देवभक्ती कुठे बसेल सांगता येत नाही.) एकदा मात्र गुणाजीने इतके वंगण घातले की कुरकुर खरोखरच थांबली. त्या दिवशी मासुंदा तळ्याच्या काठाने जाताना घोडा एकाएकी उभा राहिला आणि मान वळवून मागे पाहू लागला. पाठीमागून आवाज येत नाही म्हणजे गाडी वाटेत कुठे तरी गळून पडली, असा त्या प्रामाणिक जनावराचा समज झाला होता. विठ्ठलाने नाना परींनी समजूत घातली, पण घोडा एक पाऊल पुढे टाकीना. अखेर विठ्ठल मागे बसून तोंडाने कुरकुरू लागला तेव्हा आम्ही घरी पोचलो.

एवढे झाल्यावर मी ठरवले की शिग्राम ज्याचा त्याला परत करावा. परंतु तो कल्याणपर्यंत रस्त्याने येईल याची हमी गुणाजी देईना, आणि आगगाडीवर चढवायचा तर स्टेशनातल्या सगळ्या ओळखीच्या माणसांना कारण सांगत बसावे लागले असते. याच सुमारास मुंबईच्या एका विमा कंपनीचे गृहस्थ कोर्टाच्या आवारात गिऱ्हाईक शोधीत हिंडत होते. मी त्यांना शिग्राम दाखवला. त्यांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली, दोन बोटांनी दार ढकलून पाहिले, आणि म्हणाले की रस्त्यावरच्या वाहनाचा विमा आमची कंपनी उतरवीत नाही, फक्त पाण्यावरून जाणाऱ्या मालाचा उतरवते. म्हणजे हीच वस्तू मचव्यात ठेवली की तिची जोखीम कंपनी घेणार आणि मचव्यातून उतरवली की ती जोखीम माझी. मला ही गोष्ट फार आवडली. शिग्राम घेतल्यापासून त्याची जोखीम दुसऱ्या कोणी पत्करण्याची ही पहिलीच वेळ होती. घरी सांगितले तर सगुणा म्हणाली, गाडी बुडावी म्हणून आधीच पैसे भरायचे, ही कुठली रीत? तिला विम्याचे तत्त्व समजावून देता देता माझे मलाच ते नीट समजेनासे झाले. शिग्राम परत पाठवतो आहे हे तिला सांगितले नाही. दुरुस्तीला नेतो म्हटले.

कोलशेतला नामा कोळी म्हणून एक भला माणूस आहे. त्याचा मचवा भरतीबरोबर खाडीतून वर कल्याणच्या बंदरापर्यंत जातो. विम्याच्या कागदावर जहाजाचे नाव विचारले होते, तेव्हा नामा म्हणाला मचवा. कप्तानाचे नाव विचारले तर त्याने बायकोकडे, आवडाबाईकडे पाहिले, आणि तेच खरे होते हे मला पुढे दिसले. फळ्या टाकून शिग्राम मचव्यात चढवला. आता, त्र्यंबकराव, मी आपल्यापासून काही लपवीत नाही. तो बुडावा अशी माझी इच्छा होती असे मी म्हणणार नाही. तो बुडू नये म्हणून फार खटपट करण्याची मला गरज वाटली नाही, इतकेच. परंतु त्या कोळ्यांनी तो असा आवळून बांधला की मचवा बुडाला असता तरी शिग्राम बुडाला नसता. आवडाबाईने दोर ओढता ओढता मला विचारले, "बुरली त पैशे मिलतान तुला? मंग बुरवाची का?" मी नको म्हटले. कोर्टातला माणूस आहे, नको म्हणणे भागच होते. जरा विचार करून म्हटले, एवढेच.

निघायलाच उशीर झाला होता. विमेवाल्यांनी किनाऱ्यावर कागदावर सही घेण्यात भरती घालवली, आणि पाणी उलटून आम्ही कोलशेतच्या समोरच, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर, गाळात रुतून बसलो. पाणी गेले, गाळ राहिला, आणि गाळाच्या मधोमध मचवा, मचव्यावर शिग्राम, शिग्रामाशेजारी छत्री धरून मी. नामाने निवांत तंबाखू मळली. आवडाबाई म्हणाली, बसायला एवढे छान घर आहे तर उन्हात कशाला उभे राहायचे, आणि ती शिग्रामात जाऊन बसली. मग नामाही बसला. (दार बाहेरून मीच लावले. सवयीने.) दोघांनी आत भाकरी आणि सुकट खाल्ली, झिलमिलीतून मलाही देऊ केली. तो वास आता कुरकुरीबरोबर कायमचा राहायला आला आहे. काठावर कोळीवाडा जमला. पोरे नाचू लागली. विमेवाले गृहस्थ काठावरूनच ओरडून सांगू लागले की गाळ म्हणजे पाणी नव्हे, गाळातल्या मालाची जोखीम कंपनीकडे नाही. मी मचव्यातून ओरडून सांगितले की गाळ म्हणजे जमीनही नव्हे, जमिनीवर मचवा कधी चालतो का. आमचा हा वाद चालू असता काठावर एक बैलगाडी येऊन थांबली आणि तीतून सगुणा उतरली. विठ्ठलाच्या पोटात काही राहत नाही, हे मी आधीच ओळखायला हवे होते.

मी तिच्याकडून रागाची अपेक्षा करीत होतो. ती रागावली नाही. पदर तोंडाशी धरून नुसती उभी राहिली. मी हातवारे करून कल्याणची दिशा दाखवली, विमेवाल्यांकडे बोट केले, दुरुस्ती हा शब्द दोनदा उच्चारला. तेव्हा ती एवढेच म्हणाली, "ती गाडी दादाची आहे. परत आणा." आवाज असा होता की काठावरची पोरे नाचायची थांबली. आवडाबाई शिग्रामातून बाहेर आली (म्हणजे मी दार उघडले), सगुणेकडे क्षणभर पाहिले, आणि नामाला म्हणाली, "ऊठ रं, बाईची गारी काठाव न्ये." मला कोणी विचारलेच नाही. कोळीवाड्यातले गडी मांड्यांइतक्या गाळात उतरले, दोर सोडले, आणि आपला शिग्राम खांद्यावर घेऊन गणपती आणावा तसे वाजतगाजत काठाकडे निघाले. मध्ये एकाचा पाय घसरला, शिग्राम एका अंगावर टेकला, आणि पुन्हा उचलला तेव्हा मागचे डावे चाक गाळातच राहिले. गडी हात घालघालून दमले, पण ते मिळाले नाही. आता ते कोलशेतच्या खाडीचे झाले. विमेवाले म्हणतात चाक गाळात गेले, सबब कंपनी जबाबदार नाही. मी म्हणतो पुढच्या भरतीला त्यावर पाणी आले, तेव्हा ते पाण्यात बुडाले. कागद मुंबईला गेले आहेत. माझी बाजू बळकट आहे, पण चाक त्यांच्याकडूनही मिळणार नाही.

तात्पर्य, शिग्राम बैलगाडीवर चढवून घरी आणला आहे आणि पडवीत तीन चाके आणि एक दगड यांवर उभा आहे. सबब आपल्यास विनंती की आपण स्वतः माणसे व बैल घेऊन यावे आणि आपली वस्तू आपण घेऊन जावी. माझ्याने आता हा संसार होत नाही. वडील मंडळींस नमस्कार, मुलांच्या पाठीवरून हात फिरवावा, घोड्याने आपल्याला विचारले आहे.

आपला,
हरिहर

ता. क. पत्र बंद करताना ध्यानात आले की ती ओळ राहिलीच. यंदा भाऊबीजेला येणार की नाही?

दुसरा ता. क. वर जे माणसे व बैल घेऊन यावे म्हणून लिहिले ते रद्द समजावे. हे पत्र सगुणेला वाचून दाखवले, तिने तेवढे वाक्य गाळायला सांगितले. मी कोर्टाच्या शिरस्त्याप्रमाणे लिहिलेले खोडत नाही. शिग्राम मिळणार नाही. बारा कल्याणकर आले तरी मिळणार नाही, असे तिचे म्हणणे आहे. उलट आपल्याकडे त्याचे एखादे जुने चाक माळ्यावर पडले असेल तर तेच ओवाळणी म्हणून घालावे. साडीचोळी नको.

तिसरा ता. क. हे मी तिला न दाखवता लिहितो, ती आत करंज्यांचे सारण भाजते आहे. कोलशेतहून बैलगाडीने परतताना तिने रडत रडत सांगितले तेव्हा मला कळले. गेल्या भाऊबीजेला मी आळीत फराळाला गेलो होतो. ती तबक तयार करून दिवेलागणीपर्यंत आपली वाट पाहत बसली. मग शेजारणी म्हणाल्या, भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तूही ओवाळून घे. ती तबक घेऊन अंगणात गेली, चंद्राची कोर पाहिली, आणि मला भाऊ आहे म्हणून तशीच माघारी फिरली. पडवीत येऊन तिने आपल्या शिग्रामाला ओवाळले. तो टिळा दसऱ्याचा नव्हे. पत्रे लिहिताना शिग्रामाविषयी मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. चाक सापडले नाही तर नुसतेच या.